काय फवारू विचारण्याआधी लागवड कधी केली ते विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं शेतीचं पान मी बरीच वर्षं नेमाने वाचतोय, त्यातलं वाचकांच्या प्रश्नांचं सदर तर सगळ्यात आधी, आणि आज पत्र लिहायला बसलोय ते त्या सदरामुळेच. प्रश्न नेहमी एकाच साच्यातला असतो, टोमॅटोच्या पानावर काळे डाग पडलेत काय मारू, काकडीची पानं पिवळी पडून करपायला लागलीत काय मारू, वाटाण्यावर पांढरी पावडर आलीय काय मारू. उत्तरात दोन-तीन औषधांची नावं असतात, लिटरला किती ग्रॅम ते असतं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारा असं असतं. ही उत्तरं चुकीची आहेत असं माझं म्हणणं अजिबात नाही, ती जाणकार माणसंच देतात. पण इतक्या वर्षांत उत्तर देणाऱ्याने उलट विचारलेलं मी एकदाही वाचलं नाही की लागवड कधी केली होती आणि दोन रोपांत अंतर किती ठेवलं होतं. पानावर डाग दिसतो तेव्हा बरंचसं होऊन गेलेलं असतं, रोप ज्या दिवशी जमिनीत गेलं आणि ज्या अंतरावर गेलं त्या दिवशीच बुरशीला किती संधी मिळणार हे बऱ्यापैकी ठरून जातं, आणि नेमकं त्याच दिवसाबद्दल आपण कुणी बोलत नाही.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, आधी स्वतः भोगलंय मग वाचलंय. एका वर्षी माझ्याकडे टोमॅटोची रोपं जरा जास्त तयार झाली, टाकवेना, म्हणून अर्ध्या तुकड्यात नेहमीसारखी ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावली आणि उरलेल्या अर्ध्यात ६० बाय ४५ वर. हिशोब कागदावर छान दिसत होता, हेक्टरी धरलं तर पहिल्या पद्धतीत १८,५०० च्या आसपास रोपं बसतात आणि दुसऱ्या पद्धतीत ३७,००० म्हणजे चक्क दुप्पट. बी एकच, रोपं एकाच गादीवाफ्यावरची, खत पाणी सगळं सारखं. पहिला महिना दाट तुकडा बघायला इतका सुंदर होता की मला वाटलं आपण आजवर उगाच जागा वाया घालवली. मग पानं एकमेकांना भिडली आणि ओळीतून चालायचं म्हणजे फांद्या बाजूला सारत जावं लागायला लागलं. तेव्हा सकाळी फेरी मारताना एक गोष्ट लक्षात आली, विरळ तुकड्यात साडेआठ-नऊपर्यंत पानं सुकलेली असायची आणि दाट तुकड्यात अकरा वाजता शिरलो तरी शर्टाच्या बाह्या दवाने भिजून निघायच्या. तीच हवा, तेच ऊन, मध्ये फक्त एक पायवाट, आणि दोन्हीकडच्या पानांच्या ओलेपणात दोन-दोन तासांचा फरक. पहिला डाग दाट तुकड्यातच दिसला, तोही कडेच्या ओळीत नाही, अगदी मधोमध, खालच्या पानावर. त्यानंतर मी फवारण्या केल्याच, पण दाट तुकड्यात औषध वरच्या पानांवरच राहायचं, खाली जिथे रोग होता तिथपर्यंत पोचायचंच नाही. शेवटी दुप्पट रोपं लावून हाताला माल विरळ तुकड्यापेक्षा कमी आला आणि जो आला त्यात डागाळलेलाच जास्त. तेव्हापासून मी वहीत तारीख, अंतर आणि पहिला डाग कधी दिसला हे तिन्ही लिहून ठेवतो.

ते दोन तास इतके का महत्त्वाचे हे सांगतो कारण सगळी मेख तिथेच आहे. पानं भाजल्यासारखी करून टाकणाऱ्या करप्याच्या किंवा पानांवर पिवळे डाग पाडणाऱ्या केवड्याच्या बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं डोळ्याला न दिसणारं बी, पानावर पडला म्हणजे लगेच रोग होत नाही, त्याला रुजायला आणि पानात शिरायला पाणी लागतं, थेंबभर का होईना, आणि ते पाणी काही तास सलग टिकावं लागतं. मध्येच पान सुकलं तर बहुतेक बीजाणू तिथेच मरतात. म्हणजे पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं हे जास्त बघायला पाहिजे. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये १९५६ पासून एक साधा नियम वापरात होता, सलग दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली गेलं नाही आणि त्या प्रत्येक दिवशी निदान ११ तास हवेतली आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त राहिली तर करप्याचा धोका समजायचा. पुढे रोगाचे नवे प्रकार आले, जुना नियम उशिरा इशारा देतोय असं दिसलं आणि २०१७ मध्ये ती ११ तासांची अट ६ तासांवर आणली. आता विचार करा, हे सगळं मोजमाप हवामान केंद्राच्या मोकळ्या जागेतलं आहे. दाट लावलेल्या पिकाच्या पोटात हवा खेळत नाही, ऊन खाली पोचत नाही, जमिनीतून आणि पानांतून निघालेली वाफ तिथेच कोंडून राहते, त्यामुळे बाहेर केंद्रात चार तास मोजले गेले असतील तेव्हा आत सात-आठ झालेले असू शकतात. धोक्याची रेषा बाहेर ओलांडलेलीच नसते आणि आपल्या पिकात मात्र ती कधीच मागे पडलेली असते. हवामान आपल्या हातात नाही हे मान्यच, पण पिकाच्या आतलं हवामान बऱ्यापैकी आपल्याच हातात असतं आणि अंतर ठरवतो तेव्हा आपण खरं तर तेच ठरवत असतो.

आता सगळ्या रोगांना एकच माप लावता येत नाही, हेही सांगायला पाहिजे नाहीतर माझं पत्र वाचून कुणीतरी नुसतं अंतर वाढवेल आणि मग म्हणेल तरीही रोग आलाच. भुरीचंच घ्या. काकडीवर्गीय वेलींवर किंवा वाटाण्यावर जी पांढरी भुकटी दिसते तिच्या बीजाणूला रुजायला पानावर पाणी लागत नाही, उलट पानावर पाणी साचलं तर ते खराब होतात, म्हणून भुरी कोरड्या दिवसांत, रात्री गारवा आणि दिवसा उबदार अशा हवेत जोमाने वाढते. दाटी झाली की सावली होते, आतली आर्द्रता वाढते आणि भुरीला ते आवडतंच, त्यामुळे अंतराचा थोडा उपयोग होतो, पण भुरीत खरा खेळ तारखेचा आहे. वाटाणा वेळेवर किंवा थोडा आधी पेरला तर भुरी जोर धरेपर्यंत शेंगा भरून झालेल्या असतात, तोच वाटाणा तीन-चार आठवडे उशिरा पेरला की फुलं आणि भुरी एकाच वेळी येतात आणि शेंगाच पांढऱ्या पडतात. अशा वेळी दोन ओळींत कितीही जागा सोडा, फार काही हाती लागत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे घेवड्यावर, कोबीवर, लेट्यूसवर येणारी पांढरी कूज, जिला स्क्लेरोटिनिया म्हणतात. या बुरशीचे काळे कडक दाणे, उंदराच्या लेंडीसारखे दिसतात, ते जमिनीत कित्येक वर्षं पडून राहतात. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत असलेल्या दाण्यातून छोट्या वाटीच्या आकाराची छत्री उगवते आणि त्यातून बीजाणू हवेत उडतात. पण ही वाटी कधी उगवते, तर माती आठवडा दोन आठवडे सतत ओली राहिली, गार राहिली आणि तिच्यावर सावली राहिली तर. म्हणजे ओळी एकमेकींना मिळून जमीन झाकली गेली की आपण त्या दाण्याला हवं ते सगळं दिलं. पुढे हे बीजाणू हिरव्या निरोगी पानात सहसा थेट शिरत नाहीत, त्यांना आधी मेलेलं काहीतरी खायला लागतं आणि घेवड्यात ते मिळतं गळलेल्या फुलांच्या पाकळ्यांमधून. ओली पाकळी फांदीच्या बेचक्यात चिकटून बसते, बीजाणू तिच्यावर वाढतो आणि तिथून खोडात उतरतो. त्यामुळे फुलोऱ्याच्या आधी जमीन पूर्ण झाकली जाते की नंतर, यावर सगळं अवलंबून असतं. ओळींतलं अंतर वाढवलं, सरळ उभ्या वाढणाऱ्या जातीची निवड केली, नत्र हात राखून दिलं तर झाकण उशिरा पडतं, मातीचा वरचा थर मध्येमध्ये सुकतो आणि वाट्या उगवतच नाहीत किंवा कमी उगवतात. इथे अंतर औषधापेक्षा कमी नाही असं मी ठामपणे म्हणतो, कारण एकदा खोड कुजायला लागलं की फवारून काही होत नाही.

आणि तिसरा प्रकार मातीतल्या रोगांचा. रोपवाटिकेत रोपं कोलमडतात, ती पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींमुळे. तिथे बी दाट टाकणं हे मोठं कारण आहे, रोपं एकमेकांना चिकटून उभी असली की एकाची कूज दुसऱ्याला लागते आणि एका जागी सुरू झालेलं दोन दिवसांत टोपलीएवढं वर्तुळ होऊन बसतं. पण तितकंच मोठं कारण तापमान आहे. थंड ओल्या मातीत बी पडलं की ते रुजायला वेळ लावतं आणि तेवढा वेळ बुरशीला फुकटचा मिळतो. घेवड्याचं बी १५ अंशांच्या खालच्या मातीत टाकून बघा, ते उगवण्यापेक्षा कुजतंच जास्त. लवकर पेरलं की लवकर माल निघेल या घाईत आपण इथे चुकतो, आठवडाभर थांबून माती उबदार झाल्यावर पेरलेलं बी बऱ्याचदा आधी पेरलेल्याला गाठतं. उभं झाड सुकवून टाकणाऱ्या मर रोगाचंही तसंच, टोमॅटोची फ्युजेरियम मर २८ अंशांच्या आसपास गरम मातीत सगळ्यात जास्त जोर करते, व्हर्टिसिलियम मात्र त्यापेक्षा गार मातीतली आहे. जमिनीत मर असेल तर अंतर वाढवून ती जात नाही, तिथे प्रतिकारक जात आणि पीक बदलणं हेच उपाय, हे मी मुद्दाम लिहितोय.

थोडं विषयांतर होईल, पण ज्यांना आपण सरसकट बुरशी म्हणतो त्यातले उशिरा येणाऱ्या करप्याचे, केवड्याचे आणि पिथियमचे जीव हे शास्त्राच्या हिशोबाने खरी बुरशी नाहीतच, ते तपकिरी शेवाळांच्या नात्यातले आहेत आणि त्यांच्या काही बीजाणूंना चक्क शेपट्या असतात ज्यांच्या जोरावर ते पाण्यात पोहतात. गार रात्री, १२-१५ अंशांवर, करप्याच्या बीजाणूंच्या एकाच पिशवीतून असे अनेक पोहणारे बीजाणू बाहेर पडतात, उष्ण हवेत मात्र ती पिशवी एकटीच रुजते. म्हणूनच गार आणि ओली रात्र सगळ्यात वाईट. हे कळलं तेव्हा पानावरच्या पाण्याच्या त्या पातळ थराकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

आता तारखेबद्दल. आपल्याकडे करप्याची दोन नावं रूढ आहेत, लवकर येणारा आणि उशिरा येणारा, आणि या नावांनी भरपूर घोळ घातलाय. ऐकणाऱ्याला वाटतं पहिला रोप लहान असताना येतो आणि दुसरा पीक संपताना. प्रत्यक्षात लवकर येणारा करपा, ज्याच्या डागात गोल गोल कडी दिसतात, तो जुन्या झालेल्या, दमलेल्या, खालच्या पानांवर आधी येतो आणि फळं लागून झाडावर ओझं पडलं की तो जास्त पसरतो, त्याला २४ ते २९ अंशांची हवा आवडते. उशिरा येणारा करपा झाडाचं वय बघत नाही, गार ओली हवा मिळाली की आठवडाभरात कोवळं पीकही काळं करतो. म्हणजे नावात वेळ असली तरी तो वेळ पिकाच्या वयाचा नाही, हवेचा आहे. मग लागवडीची तारीख ठरवणं म्हणजे काय, तर आपल्या पिकाची नाजूक अवस्था आणि रोगाची आवडती हवा एकमेकांसमोर येऊ न देणं. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जो बटाट्याचा दुष्काळ पडला, ज्यात सुमारे १० लाख माणसं गेली, तो याच उशिरा येणाऱ्या करप्यामुळे. तिकडे आजही घरगुती बागेत बटाटे लावणारे लवकर तयार होणाऱ्या जाती लावतात आणि करप्याचे दिवस यायच्या आत काढून घेतात. झाडाला प्रतिकारशक्ती आहे म्हणून ते वाचत नाही, रोग यायच्या आत ते घरी पोचलेलं असतं म्हणून वाचतं.

व्हॅन डर प्लँक नावाच्या वनस्पती रोगतज्ज्ञाने १९६३ मध्ये अशा रोगांची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते असं मांडलं, आणि मला वाटतं तारखेचं महत्त्व यापेक्षा सोप्या भाषेत कुणी सांगितलेलं नाही. समजा एका डागातून पुढच्या फेरीत पाच नवे डाग होतात, हा आकडा मी नुसता समजण्यासाठी धरलाय. चार फेऱ्यांत एकाचे ६२५ होतात. सहा फेऱ्या मिळाल्या तर १५,६२५. करप्याला पोषक हवेत एक फेरी पाच-सात दिवसांत पूर्ण होऊ शकते, म्हणजे दोन जादा फेऱ्या म्हणजे जेमतेम दोन आठवडे. लागवड दोन आठवडे इकडे तिकडे झाल्याने काय फरक पडतो असं जे विचारतात त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. अंतराचंही यातच येतं, अंतर वाढवलं की एका डागातून पाचच्या ऐवजी तीन होतात असं धरा, मग सहा फेऱ्यांनंतर ७२९ च होतात. औषधही हाच आकडा खाली आणतं, पण अंतराला दर दहा दिवसांनी पुन्हा फवारावं लागत नाही आणि पावसाने ते धुवूनही जात नाही.

तारखेतली अजून एक चूक मी स्वतः बरीच वर्षं केली. माल सतत निघत राहावा म्हणून टप्प्याटप्प्याने लागवड करायची, पहिली काकडी संपायच्या आत दुसरी, ती संपायच्या आत तिसरी, आणि सगळ्या एकमेकींना लागून. पहिल्या काकडीत शेवटी शेवटी केवडा असायचाच, आता काढायचीच आहे म्हणून तिकडे लक्षही द्यायचो नाही, आणि त्या रोगट वेलांवरून रोज सकाळी बीजाणू उडून शेजारच्या दोन पानांच्या रोपांवर पडायचे. म्हणजे जुन्या पिकाचा शेवट हाच नव्या पिकाच्या रोगाची सुरुवात. केवड्याचा जीव जिवंत झाडावरच जगतो, मेलेल्या पालापाचोळ्यावर तो फार टिकत नाही, त्यामुळे दोन टप्प्यांच्या मध्ये काही दिवस जरी शेतात काकडीवर्गीय एकही वेल नसला तरी निदान आपल्याच शेतातली साखळी तुटते. तेवढं थांबणं शक्य नसेल तर नवीन लागवड वाऱ्याच्या वरच्या बाजूला करावी, म्हणजे वारा नव्याकडून जुन्याकडे जाईल. आणि तोडा संपला की त्याच दिवशी जुने वेल उपटून टाकावेत, उद्या बघू म्हणून पंधरा दिवस तसेच ठेवू नयेत. टोमॅटो आणि बटाटा शेजारी शेजारी लावण्याबद्दलही हेच, दोघांचा करपा एकच आहे.

आता मला माहितीय की यावर पहिला आक्षेप काय येणार, रोपं कमी लावली की उत्पन्न कमी. हा आक्षेप पूर्ण खोटा नाही. कांद्यासारख्या पिकात एका रोपाला एकच कांदा येतो, तिथे रोपं फार कमी केली तर उत्पन्न घटतंच, १५ बाय १० सेंटिमीटरवर हेक्टरी साडेसहा लाखांच्या वर रोपं बसतात आणि त्याहून दाट लावलं तर वजन काही प्रमाणात वाढतंही, फक्त कांदा लहान होतो. पण जांभळ्या करप्याला पात ओली राहण्याचे बरेच तास लागतात आणि दाटीत ते तास भरतात, मग पात आधीच वाळते आणि लहान कांदा अजून लहान राहतो. टोमॅटो, वांगी, मिरची, वेलवर्गीय यांचं वेगळं आहे, त्यांना जागा मिळाली की फांद्या फुटतात, वेल पसरतो, झाड जागा भरून काढतं, त्यामुळे रोपं निम्मी केली म्हणून उत्पन्न निम्मं होत नाही. दुसरी बाजूही खरी आहे, अति विरळ लावलं तर तण माजतं, उघड्या मातीवर पावसाचा थेंब आपटून माती खालच्या पानांवर उडते आणि तिच्याबरोबर बीजाणूही उडतात, म्हणून अंतर वाढवलं तर आच्छादन पाहिजेच. आणि भुईमुगात रोझेट नावाचा विषाणूजन्य रोग आहे तिथे तर उलटच आहे, दाट पेरलं की तो कमी होतो कारण तो पसरवणारा मावा उघड्या जमिनीवरच्या सुट्या झाडांवर जास्त उतरतो. म्हणून कुठल्या रोगासाठी अंतर ठेवतोय हे आधी ठरवायला लागतं.

रोपांची संख्या कमी करायचीच नसेल तर निदान मांडणी बदलता येते. सगळीकडे सारखं अंतर ठेवण्यापेक्षा दोन ओळी जवळ आणि मग एक रुंद पट्टा मोकळा अशी जोडओळ केली तर तितकीच रोपं बसतात आणि त्या पट्ट्यातून वारा आरपार जातो. ओळींची दिशा त्या दिवसांत जिकडून वारा वाहतो तिकडे ठेवावी, आडव्या ओळी वाऱ्याला भिंतीसारख्या अडवतात. टोमॅटो वेळेवर बांधून घेणं, मातीला टेकलेली खालची पानं काढणं, हेही अंतर वाढवण्यासारखंच आहे. तुषारने संध्याकाळी पाणी देऊ नये, कारण दवाचे तास आणि तुषारचे तास जोडले जाऊन रात्रभराची बेरीज होते, त्यापेक्षा सकाळी पानं सुकत असतानाच्या वेळी द्यावं किंवा ठिबकच करावं. बियाण्याच्या पाकिटावर जे एकच अंतर छापलेलं असतं ते मी आता सगळ्या हंगामांना सारखं धरत नाही. कोरड्या दिवसांत तेवढं ठीक, पावसाच्या किंवा धुक्याच्या दिवसांत वाढणारं पीक असेल तर मी ओळींमध्ये १५ ते ३० सेंटिमीटर जास्त सोडतो.

औषधांबद्दल एक सांगून थांबतो. मी औषधांच्या विरोधात नाही, मी स्वतः फवारतो. पण मेटॅलॅक्झिल नावाचं करप्यावरचं फार प्रभावी औषध बाजारात आलं आणि काही वर्षांतच, १९८० मध्ये, युरोपात त्याला न जुमानणारा करपा सापडला. एकाच औषधावर सगळा भार टाकला की हे होतंच, जितक्या जास्त फवारण्या तितकी रोगाला त्याची सवय लवकर लागते. अंतर आणि तारीख यांनी रोगाचा जोर आधीच कमी केलेला असेल तर फवारण्या कमी लागतात, औषध खालच्या पानांपर्यंत पोचतं आणि ते जास्त वर्षं चालतं. दाट पिकात फवारणी करणारा माणूस पानांच्या छतावरच औषध ओतत असतो, हे मी स्वतः केलंय आणि त्याचा मला आजही त्रास होतो, कारण तो खर्चही वाया जातो आणि ते औषध शेवटी आपल्याच अंगावर आणि मातीत जातं.

म्हणून संपादक साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक म्हणजे प्रश्नांच्या सदरासाठी जे लोक लिहितात त्यांच्याकडून लागवडीची तारीख, ओळींतलं आणि रोपांतलं अंतर, पाणी कसं आणि किती वाजता देता, आणि शेजारी त्याच वर्गातलं जुनं पीक उभं आहे का, एवढ्या चार गोष्टी मागवून घ्या आणि त्या प्रश्नासोबत छापा. उत्तर देणाऱ्यालाही त्याने नीट सांगता येईल आणि वाचणाऱ्याला आपलं पीक त्याच्याशी ताडून बघता येईल. दुसरी म्हणजे लागवडीच्या सल्ल्याचा लेख हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी येऊ द्या, रोपं गादीवाफ्यावर असताना, कारण रोग आल्यावर छापलेलं अंतर कुणाच्याच उपयोगाचं नाही. रोजच्या हवामानाच्या चौकटीत तुम्ही कमाल-किमान तापमान आणि पाऊस देता, त्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर किती तास होती हा एक आकडा वाढवता आला तर भाजीपाला करणारा माणूस तो रोज बघेल, मी तर नक्की बघेन. माझ्या वहीत तारीख, अंतर आणि पहिल्या डागाच्या नोंदी आहेत, सदरासाठी हव्या असतील तर त्या नीट लिहून पाठवायला मी तयार आहे, आणि बाकीच्या वाचकांनीही आपापल्या नोंदी पाठवाव्यात असं एक छोटं आवाहन या पत्राखाली छापलंत तर फार बरं होईल.

आपला नियमित वाचक,
एक भाजीपाला उत्पादक